बार्शी लाइटचं ओसाड स्टेशन: साल कसं काढायचं आणि इतिहास कुठे शोधायचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. बार्शीच्या पुढे, बालाघाटाच्या पायथ्याच्या अलीकडे तुमचं गाव. गावाबाहेर शेतांच्या मधोमध 'बार्शी लाइट' या जुन्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं दगडी स्टेशन पडून आहे. ग्रामपंचायतीला तिथे फलक लावायचाय आणि त्यावर 'इंग्रजांनी १८९७ साली बांधलेले रेल्वे स्टेशन' असा मजकूर ठरत आलाय. तुम्ही तिथल्या शाळेत शिकवता आणि मुलांकडून स्टेशनचा इतिहास लिहून घेणार आहात. तुम्ही विचारता, साल बरोबर आहे का, इतिहास कुठे शोधायचा, आणि 'गाडीत माणसंच बसेनात म्हणून स्टेशन बंद पडलं' असं गावात म्हणतात ते खरं का.

मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात रेलपथ निरीक्षक होतो. पीडब्ल्यूआय म्हणतात आम्हाला. रूळ, स्लीपर, खडी, मोऱ्या (रुळांखालचे छोटे पूल) आणि रुळांवर काम करणाऱ्या मजुरांची गँग हे माझं काम. नोकरीची सुरुवातीची वर्षं नॅरोगेजवर ट्रॉलीतून फिरण्यात गेली आणि निवृत्तीनंतर याच लाइनची बंद स्टेशनं हिंडून टिपणं काढतोय. त्यामुळे जरा लांबण लागेल, पण तुमच्या उपयोगाचं असेल तेच लिहितो.

सालाचं आधी. १८९७ लिहू नका. ते साल खोटं नाही, पण ते तुमच्या गावचं नाही. बार्शी लाइट मार्च १८९७ मध्ये धावायला लागली ती फक्त कुर्डुवाडी ते बार्शी, एकवीस मैल. बार्शीच्या पुढे रूळ सरकले ते नऊ-दहा वर्षांनी, १९०६-०७च्या सुमारास, तडवळ्यापर्यंत. तुमचं गाव या दुसऱ्या तुकड्यात येतं. तडवळ्याहून लातूरला गाडी पोचली १९११ मध्ये. दुसऱ्या अंगाला कुर्डुवाडी ते पंढरपूर १९०६, आणि पंढरपूरहून सांगोला, जत रोड, कवठेमहांकाळ करत मिरज १९२७. सगळी मिळून २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. एवढी लांब लाइन तीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनी झाली आणि प्रत्येक तुकड्याचं साल वेगळं. तरी लाइनवरच्या जवळजवळ प्रत्येक गावात मला '१८९७' ऐकायला मिळतं. तुमच्या सरपंचांचा यात काही दोष नाही. सगळीकडे छापलेलं साल तेवढं एकच आहे.

'इंग्रजांनी बांधलं' हेही थोडं उलगडून लिहा. ही लाइन सरकारने बांधली नव्हती. लंडनमध्ये १८९५ साली नोंदलेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची ती होती, आणि तिच्यामागचा माणूस एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंजिनिअर. तो १८८२ मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला होता. जीआयपीची मुंबईहून येणारी मोठी लाइन १८६० मध्ये सोलापूरला पोचली, पण तिने बार्शीला बगल दिली. बार्शी तर त्या काळातलं कापूस, गळीत धान्य आणि डाळींचं मोठं पेठेचं गाव. सगळा माल बैलगाडीने एकवीस मैल ओढून लाइनवर आणावा लागे. तिथल्या स्टेशनचं नावच 'बार्शी रोड' होतं, तेच पुढे कुर्डुवाडी झालं. नावात 'रोड' असलं की समजायचं, ते गाव इथे नाही, इथून पुढे रस्त्याने जायचंय. अक्कलकोट रोड, जत रोड, कळंब रोड, औसा रोड ही सगळी त्यातलीच. मुलांना हे जरूर सांगा. नकाशावर त्यांना अशी नावं आणखी सापडतील.

कॅल्थ्रॉपची कल्पना काय होती हे कळलं तर तुमच्या स्टेशनातला प्रत्येक दगड वाचता येतो. त्याने दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर धरलं. ब्रॉडगेज १६७६. मग त्याने नियम घातला की इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कोणत्याही एका आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला गेला की रूळ हलके चालतात, मोऱ्या हलक्या चालतात, भराव अरुंद चालतो. सुरुवातीचे रूळ यार्डाला तीस पाउंडांचे, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो. आज मोठ्या लाइनवर साठ किलोचा रूळ असतो. चौपट फरक. इंजिनं इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कारखान्याची, एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची, म्हणजे ओढ भरपूर आणि रुळावर भार बेताचा. जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा रूळमार्ग टाकून हा सगळा सरंजाम चालवून दाखवला होता. पुढे जगात अडीच फुटी लाइनी टाकणाऱ्यांनी बार्शीकडे बघून काम केलं. आपल्या तालुक्याला याचा अभिमान वाटावा असं हे आहे, आणि बार्शीतल्या किती मुलांना ते माहीत आहे, हा विचार मला सतत छळतो.

आता तुम्ही पाठवलेले फोटो. मी ते मोठे करून दोन दिवस बघत होतो.

पहिला फोटो इमारतीचा. तीन खोल्या, पुढे ओसरी, छप्पर गेलेलं. ओसरीकडच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर जो छोटा चौकोनी झरोका आहे, ती तिकीट खिडकी. तिच्या दगडी उंबऱ्याला मधोमध खोलगटपणा आलाय, तो फोटोतही दिसतोय. नाणी सरकवून सरकवून आणि हाताची कोपरं टेकून दगड झिजलाय. मुलांना तिथे हात ठेवायला सांगा.

इमारतीपेक्षा तिच्यासमोरची जमीन महत्त्वाची. फलाट असा काही दिसत नाही कारण तो नव्हताच; जमिनीच्या पातळीला मुरूम टाकलेला असायचा आणि पायरीवर पाय देऊन चढायचं. ओसरीपासून समोरच्या बांधापर्यंत सपाटी किती रुंद आहे, हे टेप लावून मोजा. एकच रूळ बसेल एवढी असेल तर तो नुसता थांबा होता. दोन रूळ शेजारी बसतील इतकी रुंदी असेल आणि ती दोनशे-तीनशे मीटर लांब जाऊन दोन्ही टोकांना निमुळती होत असेल, तर तिथे लूप लाइन होती. म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या तिथे एकमेकींना ओलांडायच्या. एकेरी लाइनवर हे फार मोठं काम असतं. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, त्याचा परवाना ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, आणि तो परवाना दिल्याशिवाय गाडी हलत नाही. असं स्टेशन असलं की तिथे मास्तर आला, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला आला, रात्रपाळी आली, क्वार्टर्स आल्या, आणि क्वार्टर्स आल्या की बायकापोरं आली. नुसता थांबा असेल तर कमिशनवर तिकिटं विकणारा गावातलाच एखादा माणूस. म्हणजे सपाटीची रुंदी मोजली की स्टेशनवर किती चुली पेटत होत्या ते कळतं.

दुसऱ्या फोटोतला जो गोल दगडी चौथरा गावात 'समाधी' म्हणून ओळखला जातो, तो पाण्याच्या टाकीचा चौथरा असावा, असं त्याच्या घडणीवरून आणि जागेवरून मला वाटतं. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाण्याची तहान जास्त. पुढे बालाघाट चढायचा, तर चढणीआधी टाकी भरून घ्यायची. जवळपास पक्क्या बांधणीची विहीर आहे का बघा. तुम्ही उल्लेख केला नाहीत, पण चौथरा टाकीचा असेल तर पन्नास-शंभर पावलांवर ती असणारच. बुजली असेल, झुडपांत असेल. मुलांना एकटं जाऊ देऊ नका. आणि समाधी समजून कुणी तिथे दिवा लावत असेल तर त्यावरून वाद घालू नका. वहीत दोन्ही लिहा.

तिसरा फोटो मोरीचा. तिच्यावर चुन्यात '४७', मग आडवी रेघ आणि पुसट '३'. हे वाचायची रीत अशी: सत्तेचाळिसाव्या टप्प्यातली तिसरी मोरी. पण टप्पा मैलाचा की किलोमीटरचा? कुर्डुवाडी ते बार्शी एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर. तुमचं गाव बार्शीहून बारा-तेरा किलोमीटर. चौतीस आणि तेरा, सत्तेचाळीस. मैलांत मोजलं असतं तर एकोणतीस आले असते. म्हणजे अंतर कुर्डुवाडीपासून मोजलेलं आहे आणि आकडा किलोमीटरचा आहे, दशमान पद्धत आल्यानंतर रंगवलेला. चुन्याच्या त्या थराखाली जुना मैलाचा आकडा कोरलेला किंवा रंगवलेला असू शकतो. खरवडू नका. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा फोटो काढा, दगडावरचे उठाव आपोआप दिसतात. कमानीच्या मधल्या दगडावर कधीकधी साल कोरलेलं असतं, तिथेही बघा.

चौथ्या फोटोत कुंपणाला रुळाचे खांब आहेत. याच्यावर जरा थांबतो, कारण इथे मी स्वतः फसलोय. रुळाच्या पोटावर, म्हणजे वरची डोकी आणि खालचा तळ यांच्यामधल्या उभ्या पट्टीवर, कारखान्याचं नाव, वजन आणि साल उठावात असतं. गंज असतो, पण तारेच्या ब्रशने हलकं घासून वरून आडवा खडू फिरवला की अक्षरं पांढरी होऊन वर येतात. मिरज फाट्यावरच्या एका बंद स्टेशनात मी असं एकोणिसाव्या शतकातलं साल वाचलं आणि गावकऱ्यांना छातीठोकपणे सांगून आलो की तुमचं स्टेशन तेवढं जुनं. त्यांनी ते भिंतीवर रंगवून घेतलं. घरी येऊन वही उघडली तेव्हा लक्षात आलं की तो फाटाच १९२७ चा. पहिल्या तुकड्याचे रूळ झिजल्यावर काढले जातात, आणि काढलेला रूळ रेल्वे टाकून देत नाही. तो साइडिंगला, म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाला जातो, मग कुंपणाला, मग क्वार्टरच्या तुळईला. मी परत गेलो, चूक सांगितली, पण भिंतीवरचं साल अजून तसंच आहे आणि आता तेच पुढच्या पिढीला खरं वाटणार. म्हणून सांगतो, रुळावरचं साल एवढंच सांगतं की हा लोखंडाचा तुकडा त्याआधीचा नाही. स्टेशनचं वय त्यावरून ठरवायचं नाही.

तुम्ही लिहिलंय की एका आजींनी पुठ्ठ्याचं तिकीट जपून ठेवलंय. सव्वादोन इंचांचं ते तिकीट या सगळ्या दगडांपेक्षा जास्त बोलतं. त्यावर कंपनीचं नाव असेल तर ते १९५३ किंवा त्याआधीचं, कारण १ जानेवारी १९५४ ला सरकारने लाइन ताब्यात घेऊन मध्य रेल्वेत घातली. मध्य रेल्वेचं नाव असून भाडं आण्यांत असेल तर १९५४ ते १९५७ च्या आसपासचं, कारण एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. कडेला खटक्याच्या मशीनने दाबलेली तारीख असते, ती शाईची नसून दाबाची असते; तिकीट दिव्यासमोर तिरकं धरा. आणि ते आजींकडून मागून आणू नका. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या हातात असतानाच फोटो काढा.

आता कागद. सगळ्यात आधी एक चुकीची वाट दाखवतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. सोलापूरच्या इतिहासासाठी सगळे १८८४ चं जिल्हा गॅझेटियर उघडतात. त्यात बार्शी लाइट सापडणार नाही, कारण ती तेव्हा नव्हतीच. पण तरीही ते वाचा. लाइन येण्याआधी बार्शीच्या पेठेत माल कुठून यायचा, कोणते रस्ते गाड्यांनी गजबजलेले असायचे, हे त्यातून कळतं, आणि तुमच्या गावावरून जाणारा रस्ता त्यात आला तर स्टेशन तिथेच का पडलं याचं उत्तर मिळतं. इंजिनिअर स्टेशनची जागा तीन गोष्टी बघून ठरवतो: जमीन जवळजवळ सपाट हवी, नाहीतर उभी गाडी माल भरून पुन्हा सुटताना इंजिनाचा जीव जातो, पाणी हवं, आणि गाडीवाट येऊन मिळायला हवी. गावाच्या मध्यावर स्टेशन का नाही, एक मैल लांब का, असं लोक विचारतात. जमीन सपाट तिथे होती, म्हणून.

त्यानंतर सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे, एका इंचाला एक मैल मापाचे. कुर्डुवाडी-बार्शी भाग ४७ एन या मालिकेत येतो, सोलापूर-पंढरपूर ४७ ओ मध्ये. लाइन, स्टेशन, विहीर, भराव, खोदाई, सगळं त्यात असतं. आजच्या उपग्रह नकाशावर तो ठेवून बघितला की पिकांच्या पट्ट्यांमधून वळत गेलेली एक बारीक रेघ दिसते. रूळ उचलले, खडी गेली, तरी भरावाचा माथा अजून बैलगाडीवाट म्हणून वापरात असतो.

पण तुमचा खरा खजिना गावातच आहे. जमीन रेल्वेसाठी घेतली तेव्हा १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली अधिसूचना निघाली असणार, गट नव्हे तर जुन्या सर्व्हे नंबरांसह, आणि निवाडा झाला असणार. तलाठ्याकडे गावनकाशा मागा, तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात फाळणी नकाशे मागा. कुणाच्या शेताचे लाइनमुळे दोन तुकडे झाले ते त्यात स्पष्ट दिसतं. त्या घरातली माणसं आज गावात असतील. पणजोबाला एकराला काय मिळालं, विहीर एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला राहिलं तेव्हा मोट कशी चालवली, ही त्यांच्या घरातली गोष्ट आहे आणि ती फलकावरच्या कोणत्याही सालापेक्षा मोठी आहे.

दुसरा खजिना तुमच्याच शाळेच्या कपाटात. जनरल रजिस्टर. वडिलांचा धंदा या रकान्यात 'रेल्वे', 'गँगमन', 'पोर्टर' असं लिहिलेली मुलं शोधा. कोणत्या सालापासून ती दिसायला लागतात, कोणत्या सालानंतर दिसेनाशी होतात, कोणत्या गावाहून दाखला घेऊन आली, कुठे गेली. त्या चारपाच पानांवरून स्टेशनची वस्ती किती आणि केव्हा हे निघतं. जुनं कोतवाल बुक मिळालं तर जन्म-मृत्यूच्या नोंदींतही रेल्वे लाइनवरची माणसं सापडतील. हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. एक स्टेशन बंद झालं त्या आठवड्यात मी तिथे होतो. गाड्यांच्या नोंदीची रजिस्टरं, मालाच्या पावत्यांची बुकं, मास्तरांच्या हाताने लिहिलेली डायरी, सगळं किलोच्या भावाने रद्दीत गेलं. मी वरिष्ठांना विनवलं, कुणी ऐकलं नाही. त्यातून मी तीन वह्या तेवढ्या वाचवल्या. तेव्हापासून माझा सरकारी कपाटांवर भरवसा राहिलेला नाही. शाळेचं रजिस्टर आजच मोबाइलवर पानोपान टिपून ठेवा.

माणसांना कसं विचारायचं हे मला शिकायला फार वेळ लागला. 'किती साली?' असं विचारलं की म्हातारी माणसं गोंधळतात, आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी साल सांगतात. त्यापेक्षा विचारा, हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर? कोयनेच्या भूकंपाआधी? बहात्तरच्या दुष्काळात स्टेशनवर काय उतरत होतं? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी गाडी चालू होती का? मग बरोबर लागतं. एका मुकादमांनी मला सांगितलं होतं की बहात्तर साली लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची पोती उतरवताना फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे गोळा करायला बायका पदर पसरून रुळांच्या कडेला बसायच्या, आणि मास्तर मुद्दाम पाठ फिरवून उभे राहायचे. हे कोणत्या रजिस्टरात येणार?

तुमचं गाव तर सरहद्दीवरचं. घाट चढून गेलं की निजामाचं राज्य लागायचं, येडशी तिकडची. एकच गाडी, पण अर्धी वाट ब्रिटिश मुलखातून, अर्धी हैदराबाद संस्थानातून. संस्थानात माल जाताना करोडगिरी, म्हणजे जकात. १९४७-४८ मध्ये या सीमेवर हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांचे कॅम्प होते आणि रझाकारांच्या भीतीने अलीकडे आलेली कुटुंबं होती. त्या वर्षी स्टेशनवर कोण उतरलं, कुठे राहिलं, गावाने त्यांना काय दिलं, हे विचारा. सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. दगड दहा वर्षांनीही तिथेच असतील, म्हणून माणसांपासून सुरुवात करा.

बायकांनाही विचारा. बहुतेक जण फक्त पुरुषांना विचारतात. एकादशीला भगवंताच्या दर्शनाला बार्शीला कोण जायचं, आषाढीला कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूर कसं गाठायचे, डब्यात जागा नसली की मालडब्यात बसवून नेत तेव्हा लेकरांना कसं सांभाळायचं, बाळंतपणाला माहेरी येणारी लेक कोणत्या गाडीने उतरायची, हे सगळं त्यांच्याकडे आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, बंद का पडलं. 'माणसं बसेनात' हे अर्धंच. थोड्या अंतराचे प्रवासी एसटीने आणि नंतर वडापच्या जीपांनी नेले, हे खरं. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि गावागावात पोचली, तिच्याशी ताशी जेमतेम तीस किलोमीटरने जाणारी गाडी कशी टक्कर देणार? पण नॅरोगेजला खरा फटका बसला तो कुर्डुवाडीच्या धक्क्यावर. लातूर-बार्शीहून आलेलं प्रत्येक पोतं तिथे छोट्या डब्यातून उतरवायचं आणि मोठ्या डब्यात चढवायचं. हमाल आकडा लावून पोतं पाठीवर घ्यायचे, फळीवरून पलीकडे. तुरीची, शेंगांची पोती, रुईच्या गाठी. प्रत्येक उतरवणीला मजुरी, सांड, फाट, आणि डबे अडकून पडले तर दोन-चार दिवसांची खोटी. ट्रक मात्र लातूरच्या अडतीतून निघून थेट मुंबईच्या मशीद बंदरात उभा राहायचा. व्यापाऱ्याने ट्रक धरला यात त्याचं काय चुकलं? मालाची कमाई गेली आणि मग प्रवासी गाडी तोट्यात दिसायला लागली.

लाइनचं ब्रॉडगेज करायचं ठरलं तेव्हा दुसरी गोष्ट घडली, आणि तुमचं स्टेशन तिच्यामुळे गेलं. छोटी गाडी तीव्र वळण घेते, चढ चढते, ओढ्याच्या कडेकडेने जाते. मोठ्या गाडीला तसं चालत नाही, तिला वळण मोठं लागतं आणि चढ सौम्य. शिवाय जुनी लाइन धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, शहराला न शिवता रामलिंगच्या घाटातून येडशीला चढत होती. जिल्ह्याचं ठिकाण रेल्वेवर आणायचं म्हणून नवी आखणी तिकडून केली. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज सुरू झालं. तुम्ही लिहिलंय की नवी लाइन गावापासून दीड किलोमीटरवरून जाते आणि थांबा नाही. तुमचं स्टेशन नव्या आखणीच्या बाहेर राहिलं. त्याला कुणी बंद केलं असं म्हणण्यापेक्षा रूळ त्याच्यापासून उठून गेले.

मला याचं वाईट वाटतं. त्या घाटात पावसाळी गस्तीला मी रात्री चाललोय, हातबत्ती घेऊन, खांद्याच्या पिशवीत धोका दिसला तर गाडी थांबवायला रुळावर ठेवायचे फटाके. रामलिंगच्या दरीत ढग उतरलेले असायचे आणि इंजिनाचा आवाज आधी पायाखालच्या रुळातून यायचा, मग कानाला. पण त्याच वेळी एप्रिल २०१६ मी विसरू शकत नाही. लातूरच्या नळांना पाणी नव्हतं. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, दहा टँकर, प्रत्येकात पन्नास हजार लिटर, आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. म्हणजे बार्शी लाइटच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत, तीच वाट. तीस पाउंडी रुळांच्या लाइनवर हे झालं नसतं. तुमचं स्टेशन ज्या बदलात गेलं त्याच बदलाने साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणलं. मुलांच्या वहीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी याव्यात.

फलकासाठी मजकूर असा सुचवतो: 'बार्शी लाइट रेल्वे कंपनीच्या बार्शी–तडवळे मार्गावरील (१९०६-०७च्या सुमारास) नॅरोगेज स्थानक. २००० नंतरच्या दशकात गेज रूपांतरानंतर वापर बंद.' खाली तुमच्या मुलांनी शोधलेल्या एखाद्या माणसाचं नाव यावं, त्याच्या घरच्यांना विचारून. फलक इमारतीत ठोकू नका, बाजूला खांब रोवून लावा, आणि त्याआधी रेल्वेची लेखी परवानगी घ्या. रूळ गेले तरी पट्टा बहुधा अजून रेल्वेच्याच नावावर असतो. सातबारा काढून बघा.

ज्वारीची काढणी उरकली की फेब्रुवारीच्या शेवटी मी बार्शीला येणार आहे. तोपर्यंत तीन गोष्टी करून ठेवा: ओसरीपासून बांधापर्यंतची रुंदी, मोरीचा सकाळच्या उन्हातला फोटो, आणि जनरल रजिस्टरातली रेल्वेच्या मुलांची यादी. टेप, खडू आणि तारेचा ब्रश मी घेऊन येतो. ती विहीर आपण मिळून शोधू.